आमच्यातलं गिऱ्हाईक

गुरम्माने इसाराचं पाकीट परत केलं, पण हातात दिलं नाही. टीपॉयवर ठेवलं आणि दोन बोटांनी रेणुकाकडे सरकवलं. काचेवरून पाकीट सरकताना बारीकसा आवाज झाला, आणि रेणुकाला सगळ्यात आधी जाणवला तो आवाजच. गेले दोन महिने हीच बाई तिचं मनगट धरून तिला घरभर फिरवत होती. हा कोनाडा बघ, ही मोरी बघ, हितं ऊन कसं येतं बघ. पकड इतकी घट्ट की घरी गेल्यावरही मनगटावर ती जाणवत राही. आज ती बोटं पाकिटाच्या अलीकडच्या कडेपाशी थांबली आणि परत पदराखाली गेली.

"आमच्या सुदर्शनचा फोन आलता," गुरम्मा भिंतीकडे बघत म्हणाली. "घाई नको म्हणून राहिलाय. शेजारपाजार बघावा लागतो म्हणतो."

"अव्वा, मंगळवारी तुम्हीच म्हणालात, रेणुके, तूच घे हे घर."

"हाव. म्हणले मी. न्हाई कशाला म्हणू?" गुरम्माने डोळ्याला पदर लावला. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. "माझं काई न्हाई गं बाई. मी आज हाय, उद्या न्हाई. पर गल्ली हाय ना."

रेणुकाने पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन अडकली, ती तिने दोनदा ओढली. आपण आत्ता काहीतरी बोललं पाहिजे, असं वाटत होतं, पण डोक्यात एवढंच येत होतं की चेनमध्ये धागा अडकलाय, धागा काढला पाहिजे. गुरम्माच्या मागे भिंतीवर बसवेश्वरांचा मोठा फोटो होता. पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिने तो फोटो बघितला होता आणि तिला उगाच निर्धास्त वाटलं होतं. ज्याने आठशे वर्षांपूर्वी जात मोडायची म्हणून एवढं केलं, त्याच्या फोटोखाली बसून ही बाई आपल्याला पोहे देतेय, इथे काही भीती नाही. आता त्या फोटोतल्या डोळ्यांकडे बघायची तिलाच लाज वाटली, जणू त्यांना हे ऐकवायला आपणच जबाबदार होतो. ती उठली. "येते अव्वा," म्हणाली. दारात चप्पल घालताना गुरम्मा आतूनच म्हणाली, "रागावू नको गं." ती दारापर्यंत पोचवायला आली नाही, असं या दोन महिन्यांत आज पहिल्यांदाच झालं.

स्कूटरला किल्ली लावून रेणुका तशीच उभी राहिली. गल्लीच्या टोकाला एका क्लासची सुट्टी झाली होती आणि पाठीवर सारख्या बॅगा घेतलेली मुलं-मुली रस्ताभर पसरली होती. सगळ्या मराठवाड्यातून आलेली पोरं, डॉक्टर व्हायला. या पोरांच्या पाठीवरच तिचा धंदा उभा होता. पुण्याला, हैदराबादला, दुबईला बसलेल्या माणसांना लातूरमध्ये घरं हवी असत. राहायला नव्हे. घर घ्यायचं, आत पार्टिशन टाकायचं, पोरं ठेवायची. ही माणसं इथे येत नसत, त्यांच्यासाठी रेणुका फिरायची. दलालाकडे घर येतं ते पाटी लागल्यावर. रेणुकाचं काम पाटी लागायच्या आधीचं होतं. कुणाचा मुलगा परदेशात पक्का झाला, कुठल्या म्हाताऱ्याने जिना चढणं सोडलं, कुठल्या भावाभावांनी एकमेकांचा फोन उचलणं बंद केलं, हे तिला औषधाच्या दुकानदाराकडून, दूधवाल्याकडून, कधी तेराव्याच्या जेवणात कळायचं. मग ती जायची, बसायची, ऐकायची. वारस किती, मोजणी झालीय का, मालमत्तेच्या पीआर कार्डावर कुणाचं नाव, सगळं बघून, व्हिडिओ काढून, भाडं किती सुटेल याचा अंदाज बांधून पुण्याला पाठवायची. घर विकलं गेलं की घेणाऱ्याकडून तिची फी. तिकडून पहिला प्रश्न नेहमी एकच असे: विकायचं कारण काय? कारण जितकं दुखरं, तितकं घर स्वस्तात मिळतं. कधीकधी तिला वाटे, आपण घरं शोधतच नाही, आपण कारणं शोधतो, घर त्याला चिकटून येतं.

"म्हणजे दलालच की," गुरम्मा पहिल्या दिवशी म्हणाली होती. "न्हाई अव्वा, सोर्सिंग म्हणतात." "म्हणू दे की. पोहे खाऊन जा." नवरा, गुरुपादप्पा, जाऊन वर्ष झालेलं. भूकंपानंतर घाबरून त्याने जुनं घर पाडलं आणि हे सिमेंट-सळईचं बांधलं, खांब एवढे जाड की आतल्या खोलीत कपाट बसेना. मुलगा सुदर्शन अमेरिकेत. गुरम्माला निलंग्याला बहिणीकडे जायचं होतं, त्या घरात एकटीला रात्री धडधडतं म्हणाली. कारण म्हणून हे चांगलं कारण होतं. रेणुकाने व्हिडिओ काढायला फोन वर धरला आणि वरच्या पूर्वेच्या खोलीत तिचा हात तसाच राहिला. खिडकीतून दालमिलची चिमणी दिसत होती, तिच्या मागे नुसतं आभाळ. ऊन फरशीवर पडलं होतं. तिला एकाएकी, काही कारण नसताना, त्या उन्हात आई दिसली. सरजाबाई, पाय पसरून, तांदूळ निवडत. फोन खाली घेऊन तिने रेकॉर्डिंग बंद केलं. इतकी वर्षं लोकांना घरं शोधून देताना कुठल्याही घरात तिला स्वतःचं माणूस दिसलं नव्हतं. तो व्हिडिओ तिने कुणालाच पाठवला नाही.

हे घर आपणच घ्यावं म्हणते, असं तिने नांदेडला आईला फोन करून सांगितलं, तेव्हा सरजाबाई म्हणाली, "म्हंजे भिंतीला खिळा ठोकायचा तर कुणाला इचारायचं न्हाई." आयुष्यभर आईने भाड्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेवर ठेवला होता, भिंतीला टेकवून. खिळा ठोकायला घरमालक नाही म्हणायचा म्हणून, आणि कधीकधी ठोकायला हरकत नसेल तरी पाहुणा आला की फोटो चटकन ट्रंकेमागे ढकलता यावा म्हणूनही. हे दुसरं कारण आईने कधी सांगितलं नाही. रेणुकाने पाहिलं होतं. बारावीला ती स्वतः लातूरला क्लासला आली तेव्हा आई तिला घेऊन दारोदार खोली शोधत होती. गावावरून पडलेलं त्यांचं आडनाव, त्यातून कुणाला काही उमगत नसे. मग प्रश्न वळणावळणाने यायचे. गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला, तुमच्यात लग्नं कुठल्या महिन्यात करता. आई प्रत्येक ठिकाणी खरं सांगायची. रेणुका आईचा पदर ओढायची, आई सांगायचीच. उत्तरं बहुतेक ठिकाणी एकच. खोली कालच गेली बाई. तेव्हा तिला घरमालकांचा राग येत नसे, आईचा यायचा. गप्प बसायला काय जातं हिचं? आता वाटतं, आई तेव्हा खोली शोधत नव्हतीच बहुतेक, खरं ऐकूनही दार उघडं ठेवणारं कुणी आहे का, ते पाहत होती. पण हेही खरं, की शेवटी मिळालेल्या त्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर अभ्यास झाला नाही आणि रेणुका डॉक्टर झाली नाही.

मंगळवारी सगळं ठरलं होतं. गुरम्मानेच ठरवलं. "दुसऱ्याला कशाला दावतीस? तूच घे. माझ्या घरात कुणी हसतखेळत राहिलेलं बरं." रेणुकाने इसार दिला. गुरम्माने साखर आणली, तिच्या तोंडात घातली, आणि म्हणाली, "वास्तुशांतीला आमचे जंगम सांगू का तुझे तू भटजी आणतीस?" रेणुका खुशीत होती. खुशीत माणूस बेसावध होतो. ती सहज म्हणाली, "आमच्यात बुद्धवंदना असते, अव्वा. भंतेजी येतात." गुरम्माचा साखरेचा हात हवेत होता. तो वाटीत परत गेला. "हाव का," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं." मग पाण्याचं काय, टाकी कधी धुतली, असं बोलत राहिली. रेणुकाला त्या वेळी काही खटकलं नाही. खटकलं होतं, पण साखर अजून जिभेवर होती.

पाकीट परत आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुदर्शनचा तिला फोन आला. आवाज एकदम मवाळ. "मॅडम, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. तुम्ही समजू शकता ना? आईला पुढेमागे गल्लीतल्या लोकांच्यात यायचं-जायचं आहे. सेंटिमेंट असतात." ती समजू शकते असं म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सराईतपणे निघालं की तिलाच नवल वाटलं. मग तो म्हणाला, "पण तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघाल ना? तुमचं काम खूप प्रोफेशनल आहे असं आई सांगते." रेणुका स्वयंपाकघरात उभी होती, कुकरची शिट्टी झाली, आणि ती म्हणाली, "बघते." आईला तिने सांगितलं, कागदात घोळ निघाला. सरजाबाई म्हणाली, "हाव. कागदातच निघतो घोळ," आणि दुसरं बोलू लागली.

नाही म्हणता आलं असतं. पुढचे कित्येक दिवस ती हाच विचार करत राहिली. मोंढ्याच्या बाजारातून जाताना, बँकेच्या रांगेत, केसांना तेल लावताना. सुदर्शनला नाही म्हणता आलं असतं, घर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती पडलं असतं, आणि ती तो रस्ता टाळत राहिली असती. पण तो व्हिडिओ फोनमध्ये होता. एका दुपारी तिने तो अश्वजितला पाठवला. अश्वजित पुण्याचा, मूळ बिलोलीचा. तिच्याकडून त्याने आधी दोन घरं घेतली होती. घरं त्याच्या नावावर नसत, त्याने काढलेल्या कंपनीच्या नावावर असत. कंपनीचं नाव इंग्रजी, ऐकलं की काचेच्या उंच इमारती डोळ्यांसमोर येत, त्या नावाला गाव नव्हतं, गल्ली नव्हती. फोन ठेवताना तो हलकेच जय भीम म्हणायचा, तीही म्हणायची. तेवढंच. प्रत्यक्ष ते कधी भेटले नव्हते.

"विकायचं कारण?" त्याने विचारलं.

"मुलगा बाहेर, आई एकटी. सर, खरं सांगू? हे घर मी घेणार होते."

"मग?"

"नाही जमलं."

त्याला कळलं होतं. पुढे त्याने काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. "कागद पाठवून द्या," एवढंच तो म्हणाला. त्या न विचारण्यात तिला सोबत मिळाल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याखाली, अगदी तळाशी, काहीतरी कडवट आणि गोड एकत्र होतं. ते काय होतं ते तिने पाहिलं नाही. गुरम्माला तिने जाऊन सांगितलं, पुण्याची कंपनी आहे. "कंपनी?" गुरम्माचा चेहरा उजळला. "मंग बेस झालं. कंपनीला कुणी काय इचारतंय?" आणि रेणुकाचं मनगट पुन्हा तिच्या हातात आलं. तिने ते सोडवून घेतलं नाही. त्या पकडीत फरक पडला आहे का हे ती शोधत राहिली, आणि फरक पडलेला नाही हे जाणवलं तेव्हा ते जास्त लागलं. ही बाई खोटी नव्हती. खोटी असती तर सोपं गेलं असतं.

रजिस्ट्रीच्या दिवशी सुदर्शन आलेला होता. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात पंख्याखालची जागा धरून त्याने आईला बसवलं होतं. गुरम्मा इरकल नेसून, कपाळावर विभूतीचे पट्टे, लग्नाला आल्यासारखी. कंपनीतर्फे वकील येईल असं रेणुकाला वाटलं होतं, पण अश्वजित स्वतः आला. उंच, सावळा, आकाशी शर्ट, बोलणं बेताचं. तिला बघून त्याने मान झुकवली. अंगठे झाले, फोटो झाले, सह्या झाल्या. कारकुनाने पुढचा नंबर पुकारला आणि सगळे बाहेरच्या व्हरांड्यात आले. अश्वजित गुरम्मासमोर गेला आणि वाकून तिच्या पाया पडला.

गुरम्मा गहिवरली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो हात गालावरून फिरवला. "नाव काय म्हणलास बाळा?"

"अश्वजित."

"लई गुणाचा दिसतोस. घर नीट ठेव बरं. देवघराच्या खोलीत क्लासच्या पोरींना चपला घालून जाऊ देऊ नको."

"नाही जाऊ देणार, आजी."

तो मनापासून म्हणत होता, हे रेणुकाला दिसत होतं. गुरम्माचा हात अजून त्याच्या गालावर होता. तोच हात, तीच बोटं, विभूती लागलेली. टीपॉयवरचा तो सरकण्याचा आवाज रेणुकाच्या कानात नव्हे, दातांत आला. आपण आता काय बोलणार आहोत ते तिला माहीत नव्हतं. बोलून झाल्यावर कळलं.

"अव्वा, हे आमच्यातले आहेत."

व्हरांड्यात माणसं होती, टायपिंगची खटखट होती, कुणीतरी झेरॉक्ससाठी ओरडत होतं. गुरम्माने हात झटकला नाही. तो गालावरच राहिला, नुसता जड झाला, विसरल्यासारखा. तिने अश्वजितकडे बघितलं. "खरं का रं?"

"हो आजी."

"आई, झालंय आता सगळं," सुदर्शन पटकन म्हणाला. "कंपनी आहे ती, आई." त्याच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. खरेदीखताचा मसुदा त्याने वाचला होता. नाव, गाव, सगळं त्याला केव्हाच कळलं होतं, आणि कंपनीचा भाव चांगला होता. हे रेणुकाला त्या क्षणी कळलं. गुरम्माने हात मागे घेतला, पदरात गुंडाळला, बाकावर बसली. मग मान वर करून रेणुकाकडे बघितलं. चिडलेली नव्हती ती. खरीच हळहळलेली होती.

"मंग तुलाच दिलं असतं की गं," ती म्हणाली.

रेणुका खाली पार्किंगमध्ये येईपर्यंत पायऱ्या तिला दिसल्या नाहीत. अश्वजित गाडीपाशी उभा होता, दार उघडलेलं, पण आत बसला नव्हता. ती जवळ गेली. माफी मागावी की काही समजावून सांगावं, ठरत नव्हतं. तोच बोलला.

"खोटं नाही बोललात तुम्ही. आहेच मी."

"सर, मला राहवलं नाही. तुम्हाला माहीत नाही, मला त्यांनी—"

"माहीत आहे. फोनवरच कळलं होतं मला. म्हणून तर स्वतः आलो. वकील पाठवला असता नाहीतर." "मला बघायचं होतं त्या बाईला. वाटलं होतं, राग येईल. नाही आला. आजी म्हणून पाया पडलो. तेवढं माझं होतं, ताई. ते तुम्ही मध्येच उचललंत आणि तिला फेकून मारलंत."

"मी आपलंच म्हणाले. आमच्यातले म्हणाले. लाज वाटावी असं काय आहे त्यात?"

"शब्दात काहीच नाही." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्यामुळेच तिला पळून जावंसं वाटत होतं. "बिलोलीला आमच्या शाळेच्या वाटेवर एक ओटा होता. त्याच्यावर बसलेली माणसं आम्ही दिसलो की एकमेकांना सांगायची, हे त्यांच्यातले. तुमचा शब्द वेगळा होता. आवाज तोच होता. त्या बाईला दुखवायला तुमच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं का?" त्याने गाडीत बसून काच खाली घेतली. "मी कंपनी कशासाठी काढली असं वाटतं तुम्हाला? भाड्यासाठी?"

त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. जाताना म्हणाला, तिची फी संध्याकाळपर्यंत जमा होईल, आणि पुढची घरं तो दुसऱ्या कुणाकडून बघेल. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिच्या मनात आलेली पहिली गोष्ट फार क्षुल्लक होती: चांगलं गिऱ्हाईक गेलं. दुसरी यायला वेळ लागला. रेणुका स्कूटरवर बसली, हेल्मेट घातलं, पट्टा लावला, रस्त्याला लागली, गांधी चौकाच्या अलीकडे सिग्नलला थांबली, तोवर ती दुसरी गोष्ट आलीच नाही. मग आली. गुरम्माने पाकीट सरकवताना तिच्या जातीचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. गल्ली म्हणाली, शेजार म्हणाली, रडली. सुदर्शनने सेंटिमेंट म्हटलं. आख्ख्या व्यवहारात ते तोंडावर फेकणारी एकच व्यक्ती निघाली. आई दारोदार खरं सांगत फिरायची तेव्हा तिचा आवाज कसा असायचा ते रेणुकाने आठवून पाहिलं. आठवलं लगेच. सरजाबाई ते सांगायची जसं कुणी आपलं वय सांगतं, किंवा आपण कुणाची लेक ते सांगतं.

हेल्मेटच्या आत तिने ते वाक्य हळूच म्हणून पाहिलं. हे आमच्यातले आहेत. श्वासाची वाफ काचेवर आली. नाही, तसं नाही. लग्नात एखादी पोरगी दाखवून बायका कौतुकाने म्हणतात तसं म्हणून पाहिलं. आईसारखं म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी वाक्य व्हरांड्यातलंच निघत होतं, धार तशीच, आणि इतक्या जवळ, बंद हेल्मेटमध्ये, ती धार दुसरीकडे कुठे जाणार, तिच्याच तोंडावर येत होती. शेजारच्या ऑटोतल्या बाईने तिच्याकडे वळून बघितलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले. रेणुकाने पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.